एका संगणकापुरतं

जामनेर रोडवर, दुपारी दोनला,
कूलरमधलं पाणी संपलेलं असताना
बोदडे गुरुजी पेनड्राइव्ह घेऊन आले.
थायलंडहून मूर्ती निघालीय, म्हणाले, जहाजात आहे.
विहाराच्या पायरीशी शिळा बसवू,
वर मराठी, खाली त्यांची भाषा.
दान देणाऱ्यांना वाचता यायला हवं ना, सुगत.

मजकूर उघडला. ओळभर कुठे फट नाही,
रस्ता ओलांडणाऱ्या पोरांसारखे
शब्द एकमेकांचे सदरे धरून.
आणि अक्षरागणिक तोंडाशी एक बारीक गाठ,
आई दोरा ओवून शेवटी मारते तशी,
फक्त इथे सुरुवातीलाच.

माझ्याकडे अकरा हजार फॉन्ट आहेत.
सुरतची डीव्हीडी, दीडशे रुपये,
वर मार्करनं लिहिलंय : ऑल.
त्यात थाई एकच निघाला,
त्याच्याही खुणा अक्षरावर टेकेनात,
एक बाजूला, एक अधांतरी,
पंगतीत पाट न मिळालेल्या पाहुण्यासारख्या.

शोधता शोधता ही जोडी सापडली.
एक बिनगाठीची : बँका, मोबाइल, मॉल,
नुकती दाढी करून आल्यासारखी.
एक गाठीची : पुस्तकं आणि म्हातारे डोळे.
मी गुरुजींचा चष्मा आठवला आणि गाठीची घेतली.
करणारीचं नाव पारिचात.
चौथ्यांदा वाचलं तेव्हा कळलं,
अरे, पारिजात.

खाली परवाना. सात पानं.
परवाने मला माहीत होते ते गुमास्त्याचा,
गाडीचा, आणि जयंतीला भोंग्याचा.
रात्री डिक्शनरी घेऊन बसलो.
एका संगणकापुरतं.
दगडावर कोरलं तर चालेल.
फाइल दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही.
बावीसशे रुपये.

काय भो, येडा झाला का तू, शेजारचा रमजान तडवी म्हणाला,
अक्षर काय कोणाच्या बापाचं असतं?

माझा बाप यार्डात मालडब्यांवर आकडे रंगवायचा.
साचा न लावता.
त्याचा पाच पोटाशी जरा पुढे आलेला,
गुवाहाटीला गेला, तुतिकोरिनला गेला,
कुणी विचारलं नाही, त्यालाही वाटलं नाही
कुणी विचारावं. पगार वेळेवर होता.
तो गेल्यावर, एकदा पाचोऱ्याच्या फाटकात अडकलो,
मालगाडी गेली. बत्तीस डबे मोजले.
तीन ओळखले.

पैसे भरले.

वरणगावच्या दगडवाल्याचा फोन, फॉन्ट पाठव.
नाही, म्हटलं, कर्व्ह करून पाठवतो.
रेघा मिळतील, अक्षर मिळणार नाही.
तो हसला. पटलं नाही त्याला. कोरलं मात्र नीट.

पारिचातला लिहिलं, मोडक्या इंग्रजीत :
तुमची अक्षरं भुसावळला आहेत,
काळ्या दगडात, सेहेचाळीस डिग्रीत, फोटो सोबत.
दोन दिवसांनी उत्तर.
छान दिसतंय. तिसऱ्या ओळीतली वरची खूण
केसभर डावीकडे हवी होती.
चूक माझी. पुढच्या आवृत्तीत सुधारते.

दगडाला पुढची आवृत्ती नसते.
गुरुजींना काही बोललो नाही.
ते रोज सकाळी ती ओळ ओल्या फडक्यानं पुसतात,
त्यातलं एक अक्षर त्यांना येत नाही.

पावती गुमास्त्याशेजारी चिकटवली.

संध्याकाळी सपकाळे आले, साखरपुड्याची पत्रिका घेऊन.
तोच टाक, म्हणाले, मागच्या वेळचा, वळणदार.
तो ऑलमधला.
त्याची माहिती उघडली, पहिल्यांदाच.
कुणी काढला, यापुढे कोरी चौकट,
आत कर्सर तेवढा उघडझाप करू राहिलेला.

मी बघत बसलो.
सपकाळे म्हणाले, काय झालं,
लाइट गेली का?