बेअरिंग

रोझलीन तिरपुडे गाणं शिकली आमच्या कूलरपुढे.
हे तिच्या कुठल्याच मुलाखतीत आलं नाही.
मेकोसाबागेत, मे महिन्यात, दुपारी तीनला,
ती गुडघ्यांवर बसायची, जाळीला नाक लावून,
आणि ओरडायची.
पातं आवाजाचे तुकडे करून अंगावर फेकायचं,
ओल्या वाळ्याचा वास लागलेले.
"धनपाल, ऐकून राह्यला का? माये चार गळे झाले!"

रविवारी चर्चमध्ये ती दुसऱ्या रांगेत.
पास्टरबाई म्हणायच्या, पोरी, जरा दबून गा,
देव काही बहिरा नाही.
बहिरे होते तिचे बाबा, डाव्या कानाने,
अजनीच्या लोको शेडमध्ये तीस वर्षं फिटर.
मीठ मागायचं तरी ती ओरडून मागायची.
माझ्या मते सगळं तिथूनच.

बँडचं नाव ठेवलं नवतपा.
इखलाक ड्रमवर, मोमीनपुऱ्याचा,
लग्नाच्या बँडमधून आलेला;
कितीही रॉक वाजव म्हटलं
तरी तिसऱ्या मिनिटाला वरात निघायचीच.
गिटारवर सुदत्त, इंजिनिअरिंग दोनदा नापास.
साउंड माझा. बॉक्स इतवारीच्या सागाचे,
अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः गुंडाळलेला,
त्याच बोटांनी, ज्यांनी कूलरच्या मोटारी गुंडाळायचो.
रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, माणसं एकसष्ट
(मी मोजली, कारण खुर्च्या भाड्याच्या होत्या).
तिनं "सत्तेचाळीस डिग्री" उचललं
आणि पहिल्याच ओळीला ट्यूबलाइटचा चोक उडाला.
लोकांना वाटलं, शोमध्येच आहे.

मग मुंबईहून कंपनीचा माणूस आला,
सावजीच्या रश्शानं घामाघूम होत
त्यानं कागद पुढे केला.
त्यात इखलाक नव्हता, सुदत्त नव्हता.
तिरपुडेसुद्धा नव्हतं, नुसतं टी.

रोझ टी. बर्डीच्या पुलाला तिचा चेहरा, तीन मजली.
पानठेल्यावर ती, ऑटोत ती,
गणपतीच्या मांडवात डीजे तिला पिळायचा.
मी दुकानात बसून तांब्याची तार मोजायचो.
वाईट वाटायचं का? वाटायचं.
पण सीझनमध्ये वेळ कुठे असतो.

कस्तुरचंद पार्कला आली तेव्हा
माझ्या गळ्यातल्या पासवर लिहिलं होतं: स्थानिक.
"कसे आहात, नागपूर?" ती म्हणाली,
अशी, जशी या गावात कोणी कोणाला विचारत नाही.
तीस हजार माणसं आभाळाएवढी ओरडली.
मला मात्र त्या सगळ्याखाली
बारीक हम्म ऐकू येत होता,
डाव्या स्टॅकचं अर्थिंग सैल होतं.
दोनदा सांगायला गेलो.
काळ्या टी-शर्टातल्या पोरानं माझा पास वाचला.

स्वरतंतूंवर गाठ, हे पेपरात वाचलं.
ऑपरेशन, मग दुसरं, मग पेपरात काहीच नाही.

यंदा एप्रिलमध्ये दुकानापुढे रिक्षा थांबली.
केस पांढरे, गळ्याला सुती ओढणी.
माझ्या बिलबुकावर तिनं लिहिलं:
तो कूलर आहे?
पत्रा भंगारात गेला होता, मोटार होती.
नव्या सांगाड्यात बसवली, वाळा भिजवला,
स्टूल दिलं. तिनं ते बाजूला सारलं
आणि गुडघ्यांवर बसली. वेळ लागला बसायला.

तोंड उघडलं. नुसती हवा.
पात्यानं तीही कापली, इमानदारीनं.
रस्त्यापलीकडे कुणीतरी ऊस पिळत होतं.
बराच वेळ ती तशीच, आ करून,
आणि मी पान्हा हातात धरून उगाच उभा.

मग लाइन गेली.
पातं मंदावत गेलं, आणि त्या मंदावण्यात
काहीतरी वाजलं, खरखरीत, लांब,
शेवटी किंचित वर चढणारं.
तिनं झटकन माझ्याकडे पाहिलं,
मी तिच्याकडे.

तिचं होतं की मोटारीचं, मला ठरवता आलं नाही.
चाळीस वर्षं या कानांची भाकर खातो, तरी.

बेअरिंगला अजून मी तेल घातलेलं नाही.