उकिडवा

ऑगस्ट सरता सरता क्लीव्हलँडच्या मैदानावर
सरोवराकडून कुरव पक्षी येतात,
आउटफील्डच्या गवतात उतरून हिंडत राहतात
जणू तिकीट काढून आलेत.

वरच्या सज्जात, सगळ्यांत स्वस्त रांगेत आम्ही तिघं.
बर्निस शिमान्स्की, शाळेच्या कँटीनमधून निवृत्त.
लेमॉन्ट, बावीस नंबरची बस चालवतो.
आणि मी, इस्पितळात लोकांचं रक्त तपासते.
खाली तो. एफ्राइन मोंतालव्हो, एक्केचाळीस पूर्ण,
बॅटरच्या पाठीमागे उकिडवा.

इतकी वर्षं उकिडवा बसलेला माणूस
मी दुसरा पाहिला नाही
आमच्या गावच्या कल्हईवाल्याशिवाय.

आता उठताना तो आधी हात टेकतो,
मग क्षणभर काहीच नाही,
मग उठतो.
तो मधला क्षण मला ठाऊक आहे.
खालच्या कपाटातून कुकर काढताना
माझाही असतो.

ज्या हिवाळ्यात मी या गावात आले
त्याच हिवाळ्यात तोही आला.
टीव्हीवर त्याच्या शेजारी दुभाष्या असे,
तो तीन शब्द बोले, दुभाष्या त्याची तीन वाक्यं करी.
माझ्या शेजारी कुणी नव्हतं.
मी दुकानात बोट दाखवून पाव घ्यायची,
तोही बोटांनीच बोलायचा,
मांड्यांच्या आडोशाला एक, दोन, करंगळी,
आणि साठ फुटांवरच्या पिचरला सगळं कळायचं.
भाषा येत नसली तरी अख्खा सामना चालवता येतो
हे मला त्याच्यामुळे समजलं.
हल्ली खुणांसाठी बटणं आलीत.
तो बटण दाबतो,
आणि बोटं तरीही हलतात.

लेमॉन्ट म्हणतो, मागच्या वर्षीच जायचं होतं,
टाळ्या गरम होत्या तेव्हा.
मी म्हणते, आमच्याकडे पंगतीतून मधेच उठत नाहीत,
शेवटच्याचा ताकभात होईपर्यंत.
म्हणते खरी,
पण दिसतंय मलाही,
दुसरी पंगत केव्हाची पाठीशी उभी आहे,
विशी-बाविशीची पोरं, हातपाय धुऊन.

सातव्या डावात चेंडू सरळ वर गेला.
त्यानं मास्क फेकला, मान वर केली,
दिव्यांच्या उजेडात चेंडू शोधत
एक गिरकी घेतली, मग अर्धी,
आणि चेंडू ग्लोव्हच्या कडेला लागून मातीत.

कुणी ओरडलं नाही.
तेच वाईट.
पंचविशीत असता तर शिव्या घातल्या असत्या आम्ही,
शिव्यांत उद्याचा भरवसा असतो.

बर्निसच्या वह्यांमध्ये त्याचे एकवीस मोसम आहेत,
प्रत्येक चेंडू, शिसपेन्सिलीनं.
पेन्सिल थांबली.
लेमॉन्ट म्हणाला, राहू दे, वाऱ्यानं हलला चेंडू.
या गावात सरोवराच्या वाऱ्यावर
काहीही ढकलता येतं,
नोकरी गेली तरी, नवरा गेला तरी.
बर्निसनं चष्मा वर सरकवला
आणि चौकोनात लिहिलं:
चूक. कॅचरची.
ठसठशीत, खोडरबराला दाद न देणारं.
"त्यानं कधी खोटं मागितलंय का?"
एवढंच म्हणाली.

खाली त्यानं मास्क उचलला,
आतली माती अंगठ्यानं काढली,
पंचाला काहीतरी म्हणाला, पंच हसला,
आणि पुन्हा बसला.
मी पाहिलं तर माझ्याही टाचा
जमिनीवरून उचललेल्या.

पुढच्या मोसमाच्या तिकिटांचा फॉर्म
तीन आठवडे माझ्या पर्समध्ये आहे, घडी घातलेला.
कुरव आता पार दुसऱ्या बेसपर्यंत आलेत.
लेमॉन्टनं शेंगांची पिशवी पुढे केली.
शेंगा संपल्या होत्या, तळाशी मीठ होतं.
आम्ही आळीपाळीनं
बोट बुडवत राहिलो.