उन्हाळी ओटा

रात्री दोनला लाइट आली तेव्हा
मी शेगडी उचलून गॅलरीत नेली.
म्हटलं, मिरग निघेपर्यंत
या काळ्या कडप्प्यावर जाळ नको.

सगळा ओटा मोकळा.
पिळलेल्या लिंबानं घासला,
कोपऱ्यातला तेलाचा थर
स्क्रूड्रायव्हरनं खरवडला.
आमच्या हातात दुसरं काय असणार?
दिवसभर परभणीतले कूलर उघडायचे,
गंजलेले पंप, जळालेल्या मोटरी,
आणि घरी यायचं ते
केसांत दुसऱ्यांच्या वाळ्याचा वास घेऊन.

त्यातलाच मूठभर वाळा आणला होता,
गिऱ्हाइकाचा उरलेला, सांगून आणलेला.
खिडकीला बांधला. पश्चिमेची खिडकी,
चार वाजता ती खिडकी नसते, भट्टी असते.

सायकलच्या टायरची चुंबळ, तिच्यावर माठ.
पितळी ताटात पाच कैऱ्या, देठासकट,
चिकानं एकमेकींना चिकटलेल्या.
काचेच्या पेल्यात कडुलिंबाचा तुरा,
खायला नाही, नुसता बघायला.
खरबूज मधोमध ठेवलं, मग कडेला,
मग परत मधोमध.
चाळिशी आली, आजवर काही सजवलं नव्हतं,
पोळ्याचा बैलसुद्धा नाही.

माठाला तिच्या ड्यूटीच्या जुन्या साडीचा
पांढरा तुकडा गुंडाळला,
आणि वर खुंटीला
तिनंच कधीतरी आणलेली सलाइनची रिकामी बाटली,
पाणी भरून, नळीसकट.
नळ येतो आठ दिवसांनी,
थेंबाथेंबानंच भागवायचं.

प्रयाग सकाळी साडेआठला आली,
सिव्हिलच्या ऊन लागलेल्यांच्या वॉर्डातून,
बोटं बर्फानं सुरकुतलेली.
कैऱ्यांकडं बघितलं नाही. खरबुजाकडं नाही.
"चहा कुठं करायचा मग?"
एवढंच.

मी गॅलरीकडं बोट केलं.
ती निघाली, आणि बाटलीपाशी थांबली.
मनगटावरचं घड्याळ वळवलं,
अंगठ्यानं नळीची चाकी
थोडी मागं फिरवली.
ओठ हलत होते,
अठरा, एकोणीस, वीस.

"लैच धो धो सोडलं की," म्हणाली,
"एवढं सोसत नसतंय."

आणि माठाच्या पोटावर
उलटा हात ठेवून
थोडा वेळ तशीच उभी राहिली,
ताप बघतात तशी.