मूठ

रेझर आला तो मोज्यात गुंडाळून.
लोकरीचा एकच मोजा, टाचेला रफू.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
मोजा झटकला आणि भाव पडला:
पितळी डोकं शाबूत,
खालच्या मुठीचा करडा चुरा.
जस्ताची मिश्र धातू अशीच जाते.
वर निकेल चकाकत राहतं,
आत तडा तड्याला जाऊन मिळतो
आणि एके सकाळी, फेसाच्या हातात,
ती बसकण मारते.

साइमा तळ्याच्या काठावर
बोटींच्या शेडमध्ये माझा लेथ.
चोवीस वर्षं जुन्या रेझरांना मुठी करतोय
आणि स्वतः दाढी राखून आहे.
लोक हसतात. हसोत.

आधी आटे.
प्रत्येक कारखान्याचे निराळे,
काहींचे तर सोमवारचे निराळे, शुक्रवारचे निराळे.
हिचे कुठल्याच टॅपला जुळेनात.
तीन दिवस खाल्ले तिने.
शेवटी पितळेची नळी हातानेच कापली, दात न् दात,
आणि लाकडाच्या पोटात बसवली.
नुसत्या लाकडात आटे पाडले तर
पाणी लागताच लाकूड हट्टाला पेटतं.

लाकूड ज्युनिपरचं.
मनगटाएवढं व्हायला शंभर वर्षं घेतं,
आणि पटाशी टेकवली की
शंभर वर्षांचा वास एकदम सोडतं:
मिरी, ओली पेन्सिल, आणखी काहीतरी
जे मला कधीच ओळखता आलं नाही.
मधे बारीक कंबर काढली, शेवटी गोंडस लाडू.
जवसाच्या तेलाचे सात हात,
दोन हातांमध्ये एक दिवस गप्प बसणं.

राइली कोर्वेनोया बर्फावरून आली,
मागून पायाने रेटायची ती खुर्चीची घसरगाडी घेऊन.
मूठ हातात घेतली. "सुंदर आहे," म्हणाली,
दुसऱ्याच्या पोराला म्हणावं तशी.
मग म्हणाली, "बस."
मी म्हटलं, मला दाढी आहे.
"मान तर आहे ना?"

शेगडीवरचं पाणी घेतलं. माझाच साबण.
पाठीमागे उभी राहिली,
माझं डोकं तिच्या स्वेटरच्या बटणांना टेकलेलं,
आणि पातं गळ्यावरून
खालून वर, सावकाश.
मी आढ्याकडे बघत होतो.
आढ्याकडे बघतानाच कळलं.
तिची मूठ उलटी होती.
अंगठा वर, मनगट वळलेलं,
आणि माझा तो गोंडस लाडू
तिच्या तळव्यात रुतत होता, दर ओढीला.

चोवीस वर्षं मी आरशासमोरच्या माणसासाठी कातत होतो.
आरसा नसलेल्याची दाढी
दुसऱ्याच कुणाचा तरी हात करतो
हे माझ्या कॅलिपरमध्ये कधी आलंच नव्हतं.

"वाइनोची अकरा महिने केली," ती म्हणाली,
"आता इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर सात जण आहेत.
मंगळवार, शनिवार.
एकजण चावतो."

दुसरी मूठ केली.
बोटभर लांब, लाडू नाही,
एका अंगाला सपाट, अंगठ्यापुरती,
म्हणजे पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली तर गडगडणार नाही.
दिसायला ओबडधोबड. खिडकीत मांडावी अशी नाही.
तिने धरली आणि काहीच बोलली नाही,
नुसतं हवेत कुणाचा तरी गाल ताणला
डाव्या हाताच्या दोन बोटांनी.

पैसे मोजले. मग मोजा मागितला.
तो मी तेल पुसायला घेतला होता.
मी ओशाळून विचारलं, याच्या जोडीचा आहे ना घरी?
"जोडीचा नव्हताच. एकच विणायचे मी.
त्याला लागायचा तेवढा."
वास घेतला, खिशात कोंबला,
गाडी बर्फावर वळवली.

पहिली मूठ खिळ्याला टांगलेली आहे.
आणि दाढीखाली, तळहाताएवढ्या जागेला,
वारा तळ्यावरून आला की
अजून आधी तिथेच लागतो.