मुदतवाढ

कंत्राटदाराची माणसं जूनमध्ये जाणार होती.
युलालियाने त्यांच्या खोल्यांचे पडदे
दोनदा धुतले, तिसऱ्यांदा बदलले.

मनोरा उभा आहे, कॅमेरे बसलेत,
पण रडारला अजून
वाऱ्यात हलणारं मेस्किटचं झुडूप
आणि चालणारा माणूस
यातला फरक कळत नाही.
‘सॉफ्टवेअर,’ म्हणतो इंजिनियर ड्वेन,
आणि आणखी एक तोर्तिया मागतो.

वॉशिंग्टनहून साहेब आले, नेमके तेव्हा
पडद्यावर चौदा ठिपके सरकले.
जीपा सुटल्या धुरळा उडवत.
गाई निघाल्या. बुस्तामांतेंच्या.

सगळे हसले, ती नाही.
तिची आई त्याच वाटेने आली होती,
कुंपण नव्हतं तेव्हा,
काखेत कोंबडी धरून
बहिणीचं बाळ बघायला.

संध्याकाळी परतणार होती.