इथला अनुभव

मिडल्सब्रोत, पाणी कंपनीच्या तळमजल्यावर
माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी विचारते,
मस्कतमधली अकरा वर्षं ठीक आहेत,
पण इथला अनुभव?

समुद्राचं पाणी गोडं केलंय मी, बाई.
दिवसाला इतकं, की तुझ्या टीज नदीनं तोंड लपवावं.
असं म्हणाले नाही.
म्हटलं, जन्म इथलाच आहे.
तो कुठल्या रकान्यात बसतो का, तिनं पाहिलं.

घरी बाबांनी पुन्हा दूध करपवलंय
आणि सगळ्या खिडक्या उघडून बसलेत, अंगात कोट,
नोव्हेंबरात.
"डोरीनला सांगू नकोस," एवढंच.
डोरीन शेजारची. तिनंच मला फोन केला होता,
म्हणून तर आले.
की सुहृदशी जेवताना बोलायला
काही उरलं नव्हतं म्हणून?
कारणं दोन्ही खरी. विचारणाऱ्याला मी एकच सांगते.

निषाद माळ्याखालच्या खोलीत, माझ्याच जुन्या पलंगावर,
पाय बाहेर येतात त्याचे.
आई, आपण परत कधी जायचं?
अरे, आपण परतच आलोय.
तो बॉयलरची घरघर ऐकत राहतो.
मस्कतला एसीची असायची.

विम्याचे कागद शोधताना बाबांच्या कपाटात
एक पाकीट निघालं, पोलाद कारखान्याचं,
एकोणीसशे बहात्तर.
आपल्या धातुशास्त्राच्या पदवीबद्दल आदर आहे,
तथापि इथला अनुभव नसल्याने
पुढं घडीवर शाई उडालीय.
म्हणजे ती चार वर्षं भट्टीपुढं फावडं ओढत होते.
आम्हाला कायम सांगितलं, लॅबमध्ये होतो.

"ठेवलंत कशाला हे?"
बाबा चष्मा शोधतात. डोक्यावरच आहे.
"अगं, त्यावरचं तिकीट छान होतं."

तिकीट खरंच छान आहे.
मी पत्र होतं तसं घडीत घालते,
लॅबबद्दल काही विचारत नाही.

उद्या दहाला हार्टलपूल. पगार निम्मा, आठवड्याला दोन रात्रपाळ्या.
करपलेलं भांडं भिजत टाकते आणि मोठ्यानंच म्हणते,
पण मग निषादला शाळेतून आणणार कोण?

बाबा हात वर करतात,
सरळ, कोपर न वाकवता,
वर्गात एकट्यालाच उत्तर येत असल्यासारखा.