एकशे बारा

इन्व्हरकार्गिलच्या रेंजवर सातव्या खणात
चटई एका कोपऱ्यात उसवलेली आहे.
मी तोच खण मागते. त्या सुटलेल्या दोऱ्याशी
चेंडू ठेवला की मला माझी जागा कळते.

चौतीस वर्षं मी लोकर पारखली.
मेंढीच्या खांद्यावरचा झुपका चिमटीत धरायचा,
एकवीस मायक्रॉन म्हणायचं, किंवा बावीस,
आणि कारकून मान वर न करता लिहून घ्यायचा.
मग एका हंगामात शेडमध्ये लेझरचं खोकं आलं.
त्याचं माझं अर्ध्या मायक्रॉननं जमेना.
वाद झाला नाही. खोक्याशी कोण वाद घालणार?

आता मीच एक खोकं विकत घ्यायला निघालेय.
सहाशे डॉलर, वर एक सेंटही नाही,
असं फ्रीजवर लिहून ठेवलंय,
हीटपंपाच्या बिलाशेजारी.

दुकानातली किरिआना, असेल बाविशीची,
काउंटरवर तीन डब्या मांडते.
पहिली कॅमेऱ्याची. चेंडूच्या बाजूला बसते,
फटक्याचा क्षण टिपते, गिरकी मोजते.
तिच्या किमतीवर मी अंगठा ठेवून पाहिला,
दोन आकडे बाहेर उरले.
दुसरी रडारची. तिला मागे अडीच मीटर मोकळे हवेत.
आमच्या खणामागे अडीच मीटरवर
कॉफीचं यंत्र आहे, आणि म्हातारे ऑकनी,
जे कधीच हलत नाहीत.
तिसरी साबणाच्या वडीएवढी. तिचं दीड मीटरवर भागतं.
वेग सांगते, अंतर सांगते, बाकी गप्प.
"अंतर ती वेगावरून काढते," किरिआना म्हणाली,
"चेंडू पडताना बघत नाही."
अंदाजाला अंदाज म्हणणारी मुलगी.
शेडमध्ये असती तर मी तिला काम शिकवलं असतं.

"आणि दरमहा वर्गणी?"
"त्या दोघींना आहे. हिला नाही."
वर्गणी म्हणजे मेंढी आपण विकत घ्यायची
आणि लोकर महिन्याच्या भाड्यानं.
मी साबणाची वडी पिशवीत टाकली.
चारशे एकोणतीस.

दुपारी वारा फोवोच्या सामुद्रधुनीवरून येत होता.
इथली झाडंही त्यानं केस विंचरावेत तशी
एकाच बाजूला नेली आहेत.
रेंजचे चेंडू जुने, लाल पट्ट्याचे,
झिजून अंड्यासारखे गुळगुळीत.
सेव्हन आयर्न. फटका स्वच्छ बसला,
तसा बसला की आधी हातांना कळतं, मग कानांना.
पडद्यावर: एकशे बारा.

परत. एकशे नऊ.
डबी जरा सरकवली, पुसली.
एकशे बारा.

वीस वर्षं माझं सेव्हन आयर्न एकशे तीस मीटर जातं.
तामाती सांगायचा.
कुंपणापलीकडे सायकलला टेकून उभा राहायचा,
चेंडू पडला की हात वर:
एकशे तीस, लॉर्ना! कधी एकशे पस्तीस.
तामाती, ज्यानं दिवसाला तीनशे मेंढ्या कातरल्या
आणि संध्याकाळी ज्याचा आकडा
एका मेंढीनंही कधी चुकला नाही.

रात्री ब्रिस्बेनला फोन केला, त्याच्या मुलीकडे.
एकशे बारा, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ कुणाचा तरी टीव्ही ऐकू आला.
"वारा कुठून होता?"
"समोरून."
"मग झालं तर!" तो म्हणाला, सुटल्यासारखा.
ही डबी वाऱ्याचा हिशेब करत नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.

फोन ठेवला आणि नववं होल आठवलं.
तिथलं तळं पार करायला एकशे वीस लागतात.
वीस वर्षं मी तिथे सेव्हन आयर्न काढते,
वीस वर्षं तो बॅग धरून शेजारी उभा
आणि पाण्यातली वर्तुळं विरेपर्यंत म्हणतो, थोडक्यात गेला.

उद्या फाइव्ह आयर्न घेऊन जाईन.
त्या तळ्यात माझे किती चेंडू आहेत
हे तामातीला विचारायला हवं.
त्यानं नक्की मोजलेत.